हो की नाही, तेवढंच सांगा

रत्नागिरीतल्या एका खासगी इस्पितळात दमयंतीबाई मुख्य परिचारिका आहेत. त्यांना सिस्टर म्हटलेलं खपत नाही, 'मॅडम' लागतं. माहेर राजापूरकडचं; पण मुंबईत चार वर्षं काय काढली, गावची भाषा कानावर पडली की नाक मुरडतात. बोलणं इतकं शुद्ध, की पेशंटला आपल्या आजाराचीच लाज वाटावी. आणि प्रत्येकाला एकच तंबी : "हो की नाही, तेवढंच सांगा."

माझा केरूमामा भाट्याला, गावच्या वाडीत, नारळ सोलता सोलता मटकन खाली बसला. मी आणि यमुनामामीने त्याला रिक्षात घालून आणलं. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, मूठ छातीवर.

"छातीत दुखतंय?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"दुखत नाय ओ बाय. ऊर दाटलाय. कोन वर बसल्यासारा..."

"ऊर दाटायला काय झालं? लेक सासरी चाललीय?" बाई स्वतःच्याच विनोदावर हसल्या. "दुखतंय का? हो की नाही?"

दुखणं म्हणजे मामाच्या लेखी ठणका, कोयती लागल्यावरचा. तो खोटं कशाला बोलेल?

"नाय," तो म्हणाला.

बाईंनी वरच्या मजल्यावर डॉक्टरांना फोन केला. "छातीत दुखत नाहीये, सर. ॲसिडिटी असणार. सावकाश या." मी ईसीजी काढा म्हटलं, तर "डॉक्टर तुम्ही की मी?" म्हणाल्या. खरं तर दोघंही नव्हतो. पण त्या ऐटीपुढे कोण बोलणार! मामाला पातळ औषध पाजून त्यांनी बाकावर बसवलं. डॉक्टर खाली उतरले तेव्हा त्याची मान मामीच्या खांद्यावर पडली होती. त्यांनी खूप धडपड केली. मामा गेला.

मामी रडली नाही. भिंतीला टेकून बसली, छातीवर हात दाबून. बाई आल्या, आता भलत्याच गोड आवाजात : "आजी, काय होतंय?"

"ऊर दाटलाय गो माजा."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "ईसीजी आणा! आधी ईसीजी!" त्या ओरडल्या. म्हणजे शब्द कळत होता तर! निर्लज्ज बाई.

मशीन ढकलत आणलं. मामीने ते हाताने दूर सारलं.

"ऱ्हाऊं दे, मॅडम," ती म्हणाली. "माज्या छातीत दुखत नाय."