अडकित्ता घेऊन स्क्रँटनला

माझ्या सुनेच्या आईबरोबर, म्हणजे माझ्या विहीणबाईंबरोबर, दोन दिवस एका गाडीत काढायचे असतील तर आधी कानात कापूस घाला, मग सीटबेल्ट लावा. माझा पहिला सल्ला, आणि फुकट आहे.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या ऑक्टोबरातली. माझा विजू तेव्हा न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहायचा. हे जाऊन दोन वर्षं झाली होती, "गावात एकटी काय करतेस" म्हणून त्यानं मला सहा महिन्यांसाठी तिकडं नेलं. सून मोरीन, आयरिश घरातली, हॉस्पिटलात नर्स. पोरगी गुणाची. पण तिची आई पेगी! ती बोलायला लागली की श्वास कधी घेते ते मी महिनाभर शोधत होते. इंग्रजी मला कळायचं, बोलता यायचं नाही. मला 'हनी' म्हणायची. आमचे हे उभ्या जन्मात 'अगं'च्या पुढं गेले नाहीत, आणि ही पहिल्या दिवसापासून हनी.

तर पेगीचा बाप टॉम. हा म्हणे आयर्लंडात इंग्रजांशी लढला, मग अमेरिकेत येऊन स्क्रँटनच्या कोळशाच्या खाणीत राबला आणि तिथंच पुरला गेला. तिथं आयरिश लोकांचं एक मंडळ होतं. जो लढला त्याच्या थडग्याला ते पितळेची चकती लावायचे. टॉमच्या थडग्याला नव्हती. पेगीला ती हवी होती, मरायच्या आत हवी होती. पण मंडळाचा नियम असा, की बरोबर लढलेल्या कुणीतरी ग्वाही द्यायला पाहिजे. असा एकच म्हातारा उरलेला, डॅन, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, स्क्रँटनच्या वृद्धाश्रमात. तो थंडी काढेल की नाही याचा भरवसा नव्हता.

पेगी हायवेवर गाडी चालवायला घाबरायची. मोरीनला ड्यूटी. म्हणून विजू निघाला, आणि मलाही गाडीत घातलं.

"आई, चल, फॉल कलर्स बघशील."

"पानं गळताना बघायला शंभर मैल? आपल्या पिंपळाची काय वर जातात?"

पण खरं सांगते, रंग बघण्यासारखे होते. तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबराच्या मध्यालाच जा. पिस्कॅटवेहून २८७ नंबरचा रस्ता धरायचा, वर गेलं की ८० नंबर लागतो, मग सरळ पश्चिमेला. डेलावेअर नदीनं जिथं डोंगर चिरलाय तिथं दोन्ही बाजूंना शेंदूर आणि हळद सांडल्यासारखं दिसतं. पुलावर टोल आहे, सुट्टी नाणी हाताशी ठेवा. आमची पेगीच्या पर्सच्या तळाशी होती. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून आमचा उद्धार केला तेव्हा कुठं ती सापडली.

अडीच तासांचा रस्ता, आम्हाला सहा तास लागले. पेगीला भोपळे दिसले, थांबा. चर्चच्या अंगणात जुनी भांडी विकायला दिसली, थांबा. पेट्रोल भरायला थांबलो की ती तिथल्या माणसाला आपण कशाला चाललोय ते सांगणार, आणि तो म्हणणार, "माझा आजाही लढला होता!" दोन पेट्रोल पंपांवर तीन स्वातंत्र्यसैनिकांचे नातू निघाले. मी विजूला म्हटलं, "सगळेच लढत होते तर इंग्रज तिथं कुणाच्या जिवावर राहिला रे?" विजूनं त्याचं भाषांतर केलं, "शी लाइक्स द ट्रीज."

दुपारी एका डायनरमध्ये बसलो. मी मांसाहार करत नाही असं सांगितलं, तर वाढणाऱ्या बाईनं सँडविचमधलं हॅम काढून तोच ब्रेड पुढं केला. शेवटी पॅनकेक खाल्ले. पाक घातलेलं धिरडं समजा, पोट भरतं.

तिथं पेगीनं पर्समधून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं. म्हणाली, "हे डॅनला दाखवायला आणलंय. याच हत्यारानं माझ्या बापानं रात्री खांबावर चढून इंग्रजांच्या तारा तोडल्या." आणि रुमाल उघडला.

अडकित्ता! पितळी, दोन्ही दांड्यांवर पोपट. अगदी तसाच माझ्या पर्समध्ये, चंचीत होता, पान-सुपारीसकट.

"विजू, हा अडकित्ता आहे."

"दिसतंय मला. गप बस."

"अरे यानं तार कसली तुटते? रोठा सुपारी फुटायची मारामार."

"आई, प्लीज. त्यांच्या घरी तो काचेच्या कपाटात असतो. पाहुण्यांना दाखवतात."

पेगीनं विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"शी सेज इट्स ब्यूटिफुल."

मी पॅनकेक गिळला, पण विचार गिळवेना. आयर्लंडच्या पोराकडं पोपटाचा अडकित्ता येणार कुठून? आमचं गाव देवळाली कँपच्या पलीकडं. गोऱ्यांची पलटण रस्त्यानं चालली की माझी आजी पोरींना कणगीमागं कोंडायची. म्हणजे विहीणबाईंचा बाप इंग्रजांच्या विरुद्ध नाही, इंग्रजाचाच डगला घालून आमच्याकडं उभा होता. आणि आम्ही चाललोय त्याला चकती लावायला!

आमच्या गावात असलं पाहिलंय मी. बेचाळीसला जे घोंगडं पांघरून घरात झोपले होते, त्यांच्याही भिंतीवर पुढं ताम्रपट लागले. एकाला तर मी तोंडावर विचारलं होतं, "भाऊ, घोंगड्याखाली चळवळ कशी काय चालायची?" अशी मी. आणि मला विजू सांगतो, गप बस. स्क्रँटन येईपर्यंत मी जीभ दातांखाली धरून बसले. पेगी तारांची गोष्ट आणखी दोनदा सांगून मोकळी.

स्क्रँटन म्हणजे गावाभोवती कोळशाच्या काळ्या राखेचे डोंगर. मोटेल स्वस्त घेतलं, तशीच खोली मिळाली, गालिच्याला सिगारेटचा वास. चहा म्हणून जे देतात ते घेऊ नका.

सकाळी वृद्धाश्रमात गेलो. डॅन खिडकीशी खुर्चीत, पायांवर घोंगडी, हात सारखे थरथरत. पेगी त्याच्यापुढं गुडघ्यावर बसली. अडकित्ता त्याच्या हातात देऊन म्हणाली, "डॅन, हे आठवतं? डॅडीनं यानं तारा तोडल्या ना?"

म्हाताऱ्यानं अडकित्त्याकडं बघितलं. मग पेगीच्या तोंडाकडं बघितलं, जरा जास्तच वेळ.

"तोडल्या," तो म्हणाला. "शूर माणूस होता."

पेगी रडायला लागली. माझं मात्र टाळकं फिरलं. इतका प्रवास केला तो या थापेसाठी? बोलायची बंदी होती, म्हणून मी बोलले नाही. चंचीतून एक सुपारी काढली आणि त्याच्या घोंगडीवर ठेवली.

"आई!" विजू दबक्या आवाजात ओरडला.

डॅननं सुपारी उचलली. दातांत धरतात तशी अडकित्त्यात धरली, फिरवून बरोबर बाजू लावली आणि दाबली. कच्. कच्. हात थरथरायचे थांबले होते. खांडं पडली, बारीक, एकसारखी. मग तळहातावर घेऊन त्यानं ती आधी माझ्यापुढं केली, रीतीप्रमाणं.

पेगीनं हळूच विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं, डॅन?"

मग त्यानं सांगितलं. घरी खायला नव्हतं म्हणून टॉम आणि तो इंग्रजांच्या फौजेत गेले. तिथून थेट हिंदुस्थानात. उन्हात पहारा देताना झोप येऊ नये म्हणून सुपारी चघळायला शिकले. अडकित्ता टॉमनं बाजारात विकत घेतला. "म्हणजे, तो तसं म्हणाला. मी विचारलं नाही."

मला राहवेना. विजू भाषांतर करणार नाही हे माहीत होतं, म्हणून मीच म्हटलं, "यू... अवर पीपल... बंदूक?"

बंदूक त्याला कळलं. त्यानं मान हलवली, ती होय होती की नाही, आजही मला सांगता यायचं नाही. म्हणाला, "जिथं उभं केलं तिथं उभे राहिलो. पोरं होतो."

"आणि तारा?" पेगीनं विचारलं.

"कसल्या तारा? टॉमला शिडीवर चढायची भीती वाटायची. पण घरी परत आलो तेव्हा गावातल्या पोरांना बंदूक धरता येत नव्हती. आम्हाला येत होती, राजानंच शिकवली होती. टॉमनं त्यांना दलदलीत नेऊन शिकवलं. मग रस्त्यावर इंग्रजांची गाडी अडवली तेव्हा तो पुढं होता. मी त्याच्या शेजारी होतो. लढला तुझा बाप, पेगी. पण राजाचा डगला घातलेला म्हणून त्याचा सख्खा भाऊ त्याच्याशी शेवटपर्यंत बोलला नाही. म्हणून तुम्हाला तारा सांगितल्या." मग म्हणाला, "मंडळाला सांगायचं तर सगळं सांग. अर्धं सांगणार असशील तर माझं नाव घेऊ नकोस."

दुपारी आम्ही कबरस्तानात. मंडळाचा माणूस आला होता, हिरवा टाय, गाडीच्या डिकीत चकती. पेगीनं त्याला सगळं सांगितलं. तो खाकरला. "हिंदुस्थानाचं कशाला बोलायचं? तेवढं सोडून देऊ. लोक हरकत घेतात. आत्ता लावतो चकती."

मी विजूला म्हटलं, "बघ, घेते की नाही आता." मला खात्री होती, घेणार. आमच्या गावात कुणी सोडली असती?

पेगी गप्प. मी महिनाभर देवाकडं मागितलेली शांतता ती, आणि आली तेव्हा मला भीती वाटली. मग ती म्हणाली, "नको. परत ने."

त्यानं डिकी लावली आणि निघून गेला. थडगं तसंच बोडकं राहिलं. पेगी त्याच्याकडं बघत उभी. मला तिचं तोंड बघवेना.

आमच्यात पूजेला मूर्ती नसली की सुपारी मांडतात, तोच गणपती. बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारीच. जे नाही त्याच्या जागी सुपारी. मी चंचीतून एक अख्खी काढली आणि टॉमच्या दगडावर मांडली. त्यानं आमच्यावर बंदूक धरली होती की नाही, कुणास ठाऊक. मी त्याच्यासाठी नाहीच मांडली. बापाला अर्धा कापून घ्यायला नकार देणाऱ्या त्या बाईसाठी मांडली.

विजूनं तिला ते समजावून सांगितलं, या वेळी सगळं, काही न गाळता. पेगीनं डोळे पुसले, हात जोडले. तेवढ्यात झाडावरून एक खार उतरली, सुपारी तोंडात धरली आणि पळाली.

मी ओरडले, "अगं भवाने, देव आहे तो!" पेगी एवढी हसली, एवढी हसली, की दगडाला धरून खाली बसली.

परतीच्या वाटेवर मात्र पुन्हा गप्प. नदी आली, डोंगर आले, भोपळे आले, बाई बोलेना. शेवटी मीच म्हटलं, "विजू, तिला काहीतरी बोल म्हणावं, मला करमेना." तेव्हा तिनं रुमालातला अडकित्ता माझ्यापुढं धरला. "हनी, हा तुमच्याकडचा. तू घे."

मी बोट लावून बघितलं. "धार गेलीय. ठेव तुझ्याकडंच." आणि माझा अडकित्ता काढून तिला कापायला शिकवायला बसले. विजू पुढून ओरडतोय, "हायवेवर सुपारी कापू नका!" सीटभर भुगा. तो निघेपर्यंत मोरीन आठवडाभर कुरकुरत होती.

डॅन ती थंडी काढू शकला नाही. चकती टॉमला अजूनही नाही. पण अडकित्ता काचेच्या कपाटातून बाहेर आलाय. मार्चात त्यांचा सण असतो, तेव्हा पेगी आल्यागेल्याला सुपारी कापून देते आणि बापाची गोष्ट सांगते, दोन्ही डगल्यांसकट. काही जण ऐकतात. काही सुपारी थुंकून निघून जातात. ती पुढच्याला देते.

सुपारी मीच पाठवते, दर दिवाळीला. फोनवर विचारते, "बारीक कापतेस की जाड?" ती अभिमानानं सांगते, "जाड!" इतकी वर्षं झाली शिकवून, काडीचा उपयोग नाही.