माझ्या हत्याराला कुंकू

चाकणच्या आमच्या कंपनीत मी डिस्पॅचला चलनं टाइप करायचे. व्हिडिओचं काम बघणारा सोडून गेला, तेव्हा साहेबांनी त्याचा कॅमेरा आणि लॅपटॉप माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"खंडेनवमीची मशीनपूजा परदेशातल्या ऑफिसला लाइव्ह दाखवायची आहे. जमलं तर हे काम तुझं. नाहीतर बाहेरची पोरं बोलावू आणि तू परत चलनांवर." वर हसून म्हणाले, "तसं हे बायकांचं काम नाही म्हणा."

त्या हसण्यानेच मी पेटले. चलनांवर परत जायचं नाही, हे तिथेच ठरलं.

थेरगावहून कंपनीच्या बसमध्ये बसले की कानात इअरफोन खुपसून लाइव्ह व्हिडिओचे हिंदीतले धडे बघायचे. सीन म्हणजे काय, प्रीव्ह्यू म्हणजे काय, सगळा आनंदीआनंद होता. पहिल्या चाचणीत माइक बंद राहिला आणि अख्ख्या ऑफिसने माझे नुसते हलणारे ओठ पाहिले. "मॅडम, राहू द्या," असं एक इंजिनिअर म्हणाला. मी राहू दिलं नाही. उलट माझा फोनही दुसरा कॅमेरा म्हणून जोडला. साहेबांनी विचारलं, "एका नारळाला दोन कॅमेरे?" म्हटलं, हो, दोन.

पूजेच्या दिवशी मशीन बंद, सगळीकडे झेंडूचे हार. मी लाइव्ह सुरू केलं. प्रेसवर आयुष्य काढलेले एक काका हळद-कुंकवाचं ताट घेऊन निघाले. मोठी प्रेस झाली, ड्रिल झालं, पाने-हातोड्या झाल्या. मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी लॅपटॉपच्या झाकणाला हळद-कुंकू लावलं आणि लगेच कॅमेऱ्याच्या भिंगालाही, बरोबर मधोमध.

स्क्रीन लालपिवळी झाली.

"अहो काका, काच आहे ती!"

"तुजं हत्यार हाय न्हवं? मग त्याला नको व्हय लावाय?"

साहेब मागून दबक्या आवाजात खेकसले, "बंद कर आधी ते!"

बंद केलं असतं तर माझा कारभार तिथेच आटोपला असता. राग काकांचा नव्हता, साहेबांच्या त्या घाईचा होता. मी बंद केलं नाही. फोनचा सीन, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याचं चित्र, निवडला आणि क्लिक केलं. चित्र लख्ख आलं. नारळ फुटताना परदेशातल्या मंडळींनी पाहिला तो माझ्या फोनमधून. भिंग मी मग ओढणीने सावकाश पुसलं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर साहेब टेबलाशी आले. पुढचे कार्यक्रमही मीच दाखवायचे, म्हणाले. कौतुकाचा शब्द नाही. जाता जाता लॅपटॉपच्या झाकणाकडे बोट केलं. "ते कुंकू पुसून टाक. कंपनीचा लॅपटॉप आहे."

"प्रेसही कंपनीचीच आहे, साहेब. तिचं पुसा, मग माझंही पुसते."

प्रेसवरचं कुंकू अजून तसंच आहे.