एका फेरीला एक झोका

"टेप दिली होतीस की नाही, एवढंच विचारतेय मी."

"चौथ्यांदा सांगतोय आई, दिली होती. त्यांनी उतरवून घेतली, मी परत आणली, कपाटावर ठेवली. आता सही कर आणि सोडव एकदाचं."

सही हवी होती ती नमुना रेकॉर्डच्या कागदावर. तिच्या नवऱ्याची एकुलती एक रेकॉर्ड, बेचाळीस वर्षांपूर्वी निघून लोक विसरून गेलेली, एक कंपनी पुन्हा काढणार होती. कव्हरवर 'मूळ टेपवरून' असं छापायचं होतं. वारस म्हणून तिने नमुना ऐकून 'ठीक' लिहिलं, की सोमवारी पाचशे प्रती निघणार. तो कागद दोन दिवस चहाच्या डब्याखाली पडून होता.

'ठीक' लिहून घ्यायला कंपनीने बाईही नेमकी गाठली होती. सत्तावीस वर्षं तिने रेकॉर्डच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत काढली. काचेची खोली, दोन स्पीकर, शंभरातली एक तबकडी. कुठे खरखर ऐकू आली, कड वाकलेली दिसली, की लेबलवर लाल खडूची फुली आणि अख्खी खेप वितळवायला. कारखान्यात तिला 'नापासबाई' म्हणत, आणि ते नाव घरापर्यंत आलं. डॉक्टरांनी दिलेली गोळीसुद्धा ती आधी उजेडात धरून बघायची.

नवरा टेलिफोन केंद्रात तंत्रज्ञ. निकामी सुट्या भागांची त्याने एक पेटी बनवली होती. रेकॉर्ड तिचीच. तिच्यातून दोनच सूर निघत, चाळीस मिनिटं, आणि इतक्या सावकाश बदलत की लग्नानंतर सासूबाई रोज म्हणायच्या, "फ्रिज दाखवून घ्या रे कुणाला तरी."

त्या रेकॉर्डची पहिली खेप नापासबाईंनीच नापास केली होती. तबकडीचं भोक केसभर बाजूला पडलं होतं. गाण्यात ते खपून जातं, गायकाच्या गळ्यात लपतं. पण असा लांबच लांब सरळ सूर असला की प्रत्येक फेरीला तो जरा वर जातो, जरा खाली येतो. पेटीवाला तणतणत भांडायला आला होता. "बाई, तुम्हाला संगीत कळतं का?"

"नाही. भोक कळतं."

चार महिन्यांनी त्यांचं लग्न झालं.

"बसा दोघं," नापासबाई आता मुलाला आणि सुनेला म्हणाल्या आणि नमुना लावला. "सुईचा दांडा बघा. डावीउजवीकडे हलतोय?"

"नाही," सून म्हणाली.

"म्हणजे या तबकडीचं भोक बरोबर मध्यावर आहे. आता नुसतं ऐका."

सूर आला. किंचित वर, किंचित खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. नापासबाई बोटाने हवेत तो झोका मोजत होत्या.

"टेप असा दर फेरीला झोका देत नाही. हे वाकड्या भोकाच्या रेकॉर्डवरून उतरवलंय."

"पण आई, कंपनीवाल्यांना तेच फार आवडलंय," सून म्हणाली. "किती जिवंत वाटतं, म्हणाले."

"जिवंत! अगं, नापास माल आहे तो."

त्यांनी स्टूल ओढलं, कपाटावरून टेपचा डबा काढला आणि मुलासमोर ठेवला. "ही सुतळीची गाठ माझी आहे. तुझे बाबा गेले त्या वर्षी मारलेली. तुझ्या बुटाच्या नाड्या अजून चालता चालता सुटतात, तुला ही गाठ जन्मात जमायची नाही. डबा उघडलेलाच नाही. कुठे पाणी मुरतंय?"

मुलगा नखं बघत बसला.

"सांगून टाक ना," सून पुटपुटली.

"टेप महिनाभर त्यांच्याकडे ठेवावी लागणार होती," तो एकदम उसळला. "तू दिली असतीस? आधी त्यांच्या दाराचं कुलूप ओढून बघायला गेली असतीस! बाबांच्या कप्प्यात, स्वेटरांच्या खाली एक रेकॉर्ड सापडली. तीच मी घरी उतरवली आणि टेपवरून घेतलंय म्हणून पाठवून दिली."

"कसली रेकॉर्ड?"

"तीच. लेबलवर लाल फुली असलेली."

त्या खेपेच्या तीनशे तबकड्या वितळवायला पाठवल्याच्या कागदावर नापासबाईंचीच सही होती. म्हणजे एक नवऱ्याने लांबवली होती आणि जन्मभर त्यांच्या नाकाखाली ठेवली होती. शेजाऱ्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांवर त्यांनी संशय घेतला, पण तो स्वेटरांचा कप्पा कधी उचकला नव्हता.

आणि पोरगा म्हणत होता तेही खोटं नव्हतं. त्यांनी टेप दिली नसती.

"का ठेवली असेल त्यांनी?" सुनेने हळूच विचारलं.

"ते गेले, आता कुणाला विचारू?" त्यांनी सुई उचलली. "पण टेपवर त्यांनी सूर सरळ धरलाय. डुलणारा नाही. लोकांनी तो ऐकायला हवा."

"मग सोमवारचं काय सांगू त्यांना?" मुलाने विचारलं.

"सोमवारी काही निघणार नाही. टेप घेऊन मी स्वतः जाणार आहे, आणि ती उतरून होईपर्यंत तिथेच बसणार आहे. महिना तर महिना. स्वयंपाकाचं तुमचं तुम्ही बघा."