मल्लप्पाचा तवा

मल्लप्पा गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. लातूरच्या त्या दवाखान्यात जिन्याखालच्या बाकावर मी बसलो होतो आणि सकाळी सातच्या सुमारास त्याची बायको, गंगावैनी, जिना उतरून आल्या. माझ्याजवळ बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भावजी, कालपसून तुमी च्या बी घेतला न्हाईत." त्यावरून मला कळलं. याला आता सात आठवडे झाले. मधल्या काळात दोघातिघांनी सुचवलं की तुम्ही त्याचे शाळेपासूनचे मित्र, तुम्हीच त्याच्यावर लिहा. मी प्रत्येकाला "बघू" म्हणून वाटेला लावलं. लिहायचं तर सगळंच लिहावं लागणार होतं, आणि सगळं लिहायची माझी छाती नव्हती...

उदगीरला आम्ही एका बाकावर शिकलो. पोलिओनं माझा डावा पाय लहानपणीच निकामी केला होता आणि मल्लप्पाला गणित येत नव्हतं. तो मला सायकलवर डबलसीट शाळेत न्यायचा, मी त्याला परीक्षेत पेपर दाखवायचो. व्यवहार चोख होता. पुढे मी नांदेडला कॉलेजात शिकवायला लागलो, आणि तो त्याआधीच शाळा सोडून हैदराबादला एका उस्तादाच्या हाताखाली गेला होता. तिथून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम शिकून परत आला तेव्हा आख्ख्या उदगिरात ऑटोमॅटिक गाडी औषधालाही नव्हती. मोंढ्यातले आडते त्याची टिंगल करायचे. तो आपला जीपगाड्या, टेम्पो दुरुस्त करत दिवस काढायचा. मग गाड्या बदलल्या. गुडघे दुखणारे डॉक्टर, वकील ऑटोमॅटिक घ्यायला लागले, आणि लातूर, नांदेड, पार बिदरपासून लोक त्याच्या पत्र्याच्या शेडसमोर येऊन उभे राहू लागले. टिंगल करणाऱ्यांपैकी एका आडत्याची गाडी तर त्यानं मुद्दाम चार दिवस ताटकळत ठेवली होती. तेवढा खवट तो होता.

मला पन्नाशीनंतर गाडी मिळाली ती त्याच्यामुळे. लातूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी ऑटोमॅटिक त्यानं हेरली. क्लच नाही म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. तोवर कुठंही जायचं तर मला कुणाच्या तरी मागे बसावं लागायचं, कुणाची तरी मर्जी सांभाळावी लागायची. पण मी घाई करत होतो तरी तो मला लगेच गाडी घेऊ देईना. आधी गिअरबॉक्समधली तेल मोजायची पट्टी उपसून तिच्या टोकाचं तेल त्यानं शिशीत घेतलं. मग वैनींच्या स्वयंपाकघरातून बाद झालेला, मूठ तुटलेला लोखंडी तवा शेगडीवर चढवला. तवा चांगला तापला तसा त्यानं सगळ्यांना गप्प बसवलं, रेडिओ बंद केला आणि तेलाचे दोन थेंब तव्यावर सोडून कान खाली नेला. गिअरबॉक्सच्या तेलात पाणी शिरलं असेल तर थेंब चरचरतो, तडतडतो. नुसतंच तेल असेल तर मुकाट पसरतं आणि धुरकटतं. पाणी जास्त असलं की तेल गुलाबी सरबतात दूध ओतल्यासारखं दिसतं, ते आंधळ्यालाही कळेल. पण थोडं पाणी डोळ्यांना दिसत नाही, ते कानानं धरावं लागतं. हे त्याला उस्तादानं शिकवलेलं. आत एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या असतात, त्यांच्यावरचा लेप डिंकासारख्या चिकटीनं बसवलेला असतो, आणि पाणी नेमकं त्या चिकटीला खातं. त्यामुळे तवा वाजला की तो गाडीवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की पाणी शिरल्यावर गाडी किती चालवली? आज तेलात पाणी आहे का, तेवढंच तवा सांगतो. ते पाणी आत किती दिवस घुसळलं गेलं, ते गाडीवाल्यानंच सांगायला हवं.

गेल्या पावसाळ्यात गोदावरीचं पाणी आमच्या गल्लीत आलं आणि अंगणात उभी असलेली माझी गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरलं त्याच दिवशी मल्लप्पाचा फोन आला. म्हणाला, चालू करू नको, चावीला हात लावू नको, मी टेम्पोची सोय करतो. मी हो म्हणालो. रस्ते उघडेनात, टेम्पो मिळेना, आणि मी चार दिवस घरात बसून राहिलो. पाय धड असलेल्या माणसाला चार दिवस म्हणजे काय ते कळायचं नाही. पाचव्या दिवशी गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बॅटरी बदलली, इंजिनचं तेल बदललं, सीट उन्हात टाकल्या, आणि गाडी चालू झाली. गिअरबॉक्सचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. पंधरा दिवस मी ती गाडी चालवली. बाजारात नेली, बँकेत नेली, एकदा तर हिमायतनगरला जाऊन आलो. मग साठच्या वेगाला ती अंगात ताप भरल्यासारखी कापायला लागली, तेव्हा कुठे टेम्पोवर चढवून उदगीरला पाठवली आणि मी बसनं मागोमाग गेलो.

तवा चांगलाच तडतडला. मल्लप्पानं मान वर केली आणि विचारलं, "पाणी गेल्यावर चालिवलास का रं?"

मी म्हणालो, "नाही. तू नको म्हणालास ना."

का म्हणालो? एक तर दिलेला शब्द मोडल्याची लाज. आणि दुसरं, जास्त खरं कारण असं की चालवली म्हटलं असतं तर त्यानं गिअरबॉक्स उतरवून उघडला असता, आणि सामान हैदराबादहून येईपर्यंत महिना-दीड महिना मी पुन्हा घरात बसलो असतो. नाही म्हटल्यावर त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. तेल बदललं, गाडी फिरवून आणली, पुन्हा बदललं, पुन्हा फिरवली. तिसऱ्या खेपेला तवा गप्प झाला. त्यानं त्या शेवटच्या तेलानं औषधाची एक रिकामी बाटली भरली, तिच्यावर माझं नाव चिकटवलं आणि फळीवर ठेवून दिली. प्रत्येक गाडीचं असं शेवटचं तेल तो ठेवायचा. म्हणायचा, गिऱ्हाईक भांडायला आलं तर पुरावा पाहिजे. गाडी खरंच चांगली चालायला लागली होती. परत येताना मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो, हेही लिहून टाकतो.

चार महिन्यांनी मी असाच त्याच्याकडे गेलो होतो. दुपारी जेवण झाल्यावर त्याच्या छातीत दुखायला लागलं, घामानं सदरा भिजला. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि लगेच लातूर गाठायला सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली. माझी गाडी दारात उभी होती. वैनी मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि आम्ही निघालो. नळेगाव मागे पडलं, आणि गाडी पुन्हा कापायला लागली. मग इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकं फिरायचीच नाहीत. मी दाबतोय, आवाज वाढतोय, आणि आम्ही हरभऱ्याच्या वावराकडेला उभेच... मागून त्याचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"चकत्या गेल्या," तो म्हणाला. "खरं सांग. त्या टायमाला चालिवलास का रं?"

आरशात मला वैनींचा चेहरा दिसत होता. मी म्हणालो, "नाही."

त्यानं मान वैनींच्या पदराकडे वळवली. मग म्हणाला, "मग माजंच चुकलं. तवा फसला."

पाऊण तास आम्ही तिथे होतो. हात दाखवून जीप थांबवली, त्यात त्याला घातलं. तो पाऊण तास वाचला असता तर मल्लप्पा वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले, सांगता येत नाही म्हणाले. मला तेवढाच आधार आहे आणि तेवढीच शिक्षा. संध्याकाळी दोन मिनिटं आत सोडलं तेव्हा त्यानं माझा हात धरला आणि मला म्हणाला, गाडी शेडला आणून लाव, बरा झालो की उघडून बघतो, तुला लई तरास दिला. माझी माफी मागत होता तो. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उदगीरला त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिली. सगळ्यांनी बेलाचं पान वाहिलं, मीही वाहिलं.

गेल्या आठवड्यात मी बसनं उदगीरला गेलो. शेडचं शटर अर्धं उघडं होतं, वैनी आत सामान आवरत होत्या. शेगडीवर तवा नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, दवाखान्यात त्यांनी शेवटचं तेवढंच सांगितलं होतं, की त्यो तवा मोडीत घाल, त्यानं मास्तरची गाडी बुडवली. त्यांच्यानं मोडीत घालवेना, म्हणून पोत्याखाली सारून ठेवला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पंधरा दिवस, बाजार, बँक, हिमायतनगर. दोन वेळा खोटं बोललो तेही. त्यांनी मला शिव्या घालाव्यात अशी माझी इच्छा होती.

त्यांनी पोतं बाजूला केलं, तवा काढला, पदरानं पुसला. शेगडी पेटवली. फळीवरून माझ्या नावाची बाटली उतरवली आणि तवा तापेपर्यंत आम्ही दोघं शेगडीजवळ उभे राहिलो. मग त्यांनी दोन थेंब सोडले आणि तो न्यायचा तसाच कान खाली नेला. मीही वाकलो. थेंब पसरले, धुरकटले. आवाज आला नाही.

"त्येंचा तवा खरा हुता," वैनी म्हणाल्या. "जाताना त्येंला खोटं वाटलं." शेगडी बंद करून त्यांनी मला बाहेरची वाट दाखवली. मी शटरखालून वाकून निघालो तेव्हा मागून एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे पेपरात लिवा. समद्यास्नी कळू द्या."

म्हणून लिहिलं. त्यानं सांगितल्याप्रमाणे टेम्पोवरून आणून लावलेली गाडी अजून त्या शेडसमोरच उभी आहे, आणि तवा आता भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो.