बाराव्या भागातलं भूत

हर्सूलमधल्या त्या गल्लीतल्या पोरांची पक्की समजूत होती की भुतं दखनी बोलतात.

ही करणी विशाखा आणि खुशनुमाची. शाळेत असताना दोघींनी मोबाइलवर एका जपानी कार्टून मालिकेला आपले आवाज दिले. मेलेली मुलगी भूत होऊन मैत्रिणींकडं येते, राहून गेलेली सायकलची शर्यत पुरी करते आणि निघून जाते, अशी गोष्ट. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दोघी वाकळ डोक्यावर ओढून बसायच्या. मैत्रिणी विशाखाच्या, मराठीत. भूत खुशनुमाचं. ती घरी बोलायची तसंच, दखनीत बोलायची.

बाराव्या, शेवटच्या भागात एकच वाक्य उरलं. विशाखानं लिहून दिलं होतं, "अब मैं जाती." खुशनुमा म्हणेना. उद्या बघू म्हणाली. त्याच आठवड्यात ती डेंग्यूनं गेली. नववीत होती.

विशाखा आता लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. आठ वर्षं तिनं तो भाग उघडला नाही. यंदा गल्लीतल्या पोरांच्या हाती अकरा भाग लागले आणि त्यांनी तिचा पिच्छाच पुरवला. तिनं ते वाक्य स्वतः म्हणून पाहिलं. नक्कल वाटली. पुसून टाकलं.

शेवटी ती खुशनुमाच्या आईकडं, जहांआराकडं गेली. चहा निवून गेला. मग विशाखानं सगळं सांगितलं, वाक्य वाचून दाखवलं.

"जाती नै बोलते," जहांआरा म्हणाली. "घर से निकलते वखत कौन बोलता ऐसा? मेरी बच्ची इसीच वास्ते अटकी हुंगी."

विशाखाच्या घरीही निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतात. आठ वर्षांत तिला हे सुचलं नव्हतं.

जहांआरानंच वाकळ काढली. दोघी आत शिरल्या. तीनदा हुंदका आला. चौथ्यांदा वाक्य निघालं.

रविवारी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये पांढरी चादर लावली. खुर्च्या कमी पडल्या. जहांआरा पुढंच बसली. भूत शर्यत जिंकलं, सायकल वळवली, हसलं. इथवर खुशनुमाचा आवाज होता. मग तिच्या आईचा आला.

"आती मैं."

"भूत मोठं झालं की गं," खालून एक पोरगी म्हणाली.

आणि दारातून निघालेल्या माणसाला म्हणतात तसं अख्खा हॉल म्हणाला, "ये."

जहांआरानं पदरानं डोळे पुसले. मागं वळून विशाखाला म्हणाली, "फिरसे लगा."

त्या दिवशी बारावा भाग चार वेळा लागला.