न उकळलेला सोडा

माझ्या आत्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. ती कुणी मोडली हे आमच्या कुरुंदा गावात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे मूग गिळून बसले आहेत. मीही पुष्कळ वर्षं बसलो.

आत्याचं नाव नर्मदाबाई. एकेचाळीसच्या हिवाळ्यात हळदीच्या पिकाला पाणी द्यायच्या पाळीवरून किसनराव जमीनदारानं तिच्या नवऱ्याला, संतरामला, बांधावर गाठलं आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याचं डोकं फोडलं. पडल्यावरही तो मारत राहिला. तिसऱ्या दिवशी संतराम गेला. हे पाहणारा एकच होता, किसनरावाचा मुलगा माणिकराव. आत्यानं हिंगोलीला फिर्याद दिली आणि साक्षीदार म्हणून त्याचंच नाव लिहून दिलं. लोक तिला हसले.

पुढच्या उन्हाळ्यात गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. घरोघरी मुडदे पडू लागले. हिंगोलीहून विश्वंभर डॉक्टर आले, त्यांनी शाळेत खाटा टाकल्या आणि हळद शिजवून हात तयार झालेल्या आत्याला बाहेर चुलीवर बसवलं. तिनं मिठाचं पाणी उकळून, निववून बाटल्या भरायच्या. डॉक्टर ते रोग्याच्या शिरेत सोडत. मी रोगी वाहून आणत होतो.

डॉक्टरांनी तिला एक गोष्ट बजावली होती. आपल्या रक्तात मुळातच खायच्या सोड्यासारखा खार असतो. अंगात आंबट तयार झालं की हा खार ते जागीच मारतो आणि त्यातून सुटलेली हवा श्वासावाटे निघून जाते. उलट खार वाढला, तर रक्त तीच हवा थोडी धरून ठेवतं. असा दोन्हीकडून तोल राहतो. पटकीत हा खारच जुलाबावाटे वाहून जातो, रक्त आंबटायला लागतं आणि माणूस धापा टाकतो. म्हणून पाण्यात सोडा घालायचा, पण पाणी निवल्यावर. उकळला तर त्यातली हवा उडून जाते आणि मागं कपडे धुण्याचा जहाल सोडा उरतो.

चौथ्या दिवशी माणिकरावाला आणलं. तो धापा टाकत होता. डॉक्टर आत सुया लावण्यात बुडालेले, आणि बाहेर चुलीपाशी किसनराव उभा, हातात तोच दांडा. आत्यानं सोड्याची पुडी सोडली तसा तो खेकसला, की कच्ची पूड घालून माझा पोरगा मारतेस, आधी उकळ. आत्या नाही म्हणाली. पहिला दांडा तिच्या पाठीवर बसला, दुसरा हातावर. बोटं मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. मी पुढे झालो नाही. घाबरलो होतो.

मग तिनं सोडा उकळला, त्याच्या देखत, त्याच्या हुकमानं. बाटली भरली. ती तशीच आत दिली असती तर संतरामचा सूड तिथंच उगवला असता आणि तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. मी तिच्या जागी असतो तर दिली असती, खोटं कशाला बोलू?

आत्यानं दोन वाट्या पुढे ओढल्या. एकीत बाटलीतलं पाणी ओतलं, दुसरीत निवलेल्या पाण्यात नुसता सोडा कालवला, आणि दोन्हींत चिमूट चिमूट हळद टाकली. दुसरीतली हळद जेमतेम तांबूस झाली. पहिलीतली लालभडक. जहाल खार लागला की हळदीचं लाल कुंकू होतं, हे हळदीच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही.

“हे तुमचं, मालक. हे माझं,” ती म्हणाली. “लेकराच्या शिरंत कोणतं सोडू?”

किसनरावानं दांडा खाली टाकला.

माणिकराव वाचला. मी संतापून तिला विचारलं, काहून वाचवलंस?

“माझा एकच साक्षीदार हाय,” ती म्हणाली. “त्याला कसा मरू देऊ?”

दिवाळीनंतर हिंगोलीत सुनावणी झाली. माणिकरावानं आत्याच्या बोटांकडे पाहिलं आणि सांगितलं, की त्या दिवशी आपण बांधावर नव्हतोच. किसनराव सुटला.

पुढच्या उन्हाळ्यात पटकी परत आली, आणि पहिल्या खाटेवर किसनराव होता. आता आत्याला साक्षीदाराची गरज नव्हती. चुलीपाशी आम्ही दोघंच होतो. मी तिच्याकडे बघत राहिलो.

पाणी निवेपर्यंत ती थांबली. मग तिनं सोडा घातला.