वरचं हॉटेल आणि खाली आलेले आप्पा

एका ठिकाणी उभी हयात काढली की किस्से आपोआप साचतात, माळ्यावर जुनी भांडी साचतात तसे. टाकवत नाहीत आणि रोज वापरताही येत नाहीत. आम्ही तिघं मात्र आमचे किस्से दर रविवारी खाली काढतो. मी काउंटरला होते, राधाक्का स्वयंपाकघरात आणि हिरामण जीपवर. त्र्यंबकच्या पुढे घाट चढून गेलं की डोंगरमाथ्यावर आमचं जुनं हॉटेल होतं. पाटीवर नाव वेगळं होतं, पण पंचक्रोशीत सगळे त्याला 'वरचं हॉटेल'च म्हणायचे.

जमतो ते मालकांच्या, म्हणजे आप्पांच्या, नाशिकच्या फ्लॅटवर. गुडघे गेले, मुलाला हॉटेलात रस नाही, म्हणून आप्पांनी ते विकलं आणि त्या दिवसापासून तोंडच मिटलं. दिवसभर खुर्चीत. विचारलं तर "हं", नाही विचारलं तर तेही नाही. त्यांच्या पत्नी माई एकदा रडवेल्या होऊन मला म्हणाल्या, "घरात माणूस आहे की फोटो, कळेनासं झालंय. तुम्ही येत जा, जुनं काहीतरी बोला. हसले तर हसले." म्हणून हा खटाटोप. सांगायचं आम्ही आणि बघायचं आप्पांच्या तोंडाकडे.

*

पावसाळ्यात वर धुकं असं उतरायचं की स्वतःचा हात दिसायचा नाही. फिरायला गेलेले पाहुणे चुकू नयेत म्हणून व्हरांड्यात उभं राहून पितळी थाळी बडवायची, ही आमची पद्धत. आवाजाच्या रोखानं लोक परत यायचे.

एकदा आमचे दोनच पाहुणे बाहेर होते. हिरामणनं थाळी बडवली. तर धुक्यातून आधी आली हरसूलच्या बाजाराहून परतणारी मंडळी, मग त्यांच्या शेळ्या, मग वाट चुकलेलं अख्खं वऱ्हाड, नवरदेवासकट. आमचे दोघे सगळ्यांत शेवटी.

राधाक्कानं कपाळाला हात लावला. "आप्पा, एवढ्यांचं पीठबी नाय मळलेलं."

आप्पा म्हणाले, "थाळी आपण वाजवली ना? मग आता जेवू नका कसं म्हणायचं?"

सगळे जेवले. नवरदेवाला स्वतःच्या लग्नाआधी आमच्याकडचं पिठलं खावं लागलं. तेवढ्यात शेळ्यांनी आमची बाग संपवली.

*

एक मोठे साहेब आले होते. बसल्या बसल्या "मेनू कार्ड?" म्हणाले. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. एका वेळी एकच जेवण, जे असेल ते. मी आत जाऊन सांगितलं, तशी राधाक्का पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय काय हाय ते कशाला इचारता? भूक किती हाय ते सांगा."

साहेबांनी मुकाट्यानं भूक सांगितली. जाताना नागलीच्या भाकरी बांधून घेऊन गेले. हा किस्सा राधाक्का स्वतः सांगते आणि दर वेळी साहेबांना बढती देते. गेल्या रविवारी ते मंत्रालयात पोचले.

*

गरम पाण्याला मागच्या अंगणात एकच तांब्याचा बंब. ज्यानं त्यानं बादली घेऊन रांगेत उभं राहायचं. मुंबईचे पाहुणे आधी चिडायचे. "रूममध्ये गरम पाणी येत नाही?"

"येतं की," आप्पा म्हणायचे. "तुम्ही आणलंत की येतं."

पण रांगेत आप्पा स्वतः चहा फिरवायचे आणि माणसं अशी गप्पांना लागायची की बादलीतलं पाणी निवायचं. निफाडचे एक द्राक्षबागायतदार आणि नाशिकच्या एक शिक्षिका तिथंच भेटले. ह्यांचा मुलगा लग्नाचा, त्यांची मुलगी लग्नाची. दोन्ही मुलं अजून पांघरुणात. आप्पांनी दोघांनाही हाका मारून उठवलं आणि बघण्याचा कार्यक्रम बंबापाशीच झाला, दोघांच्याही हातात टूथब्रश. संसार उत्तम चाललाय.

हे ऐकताना आप्पांचा ओठ हलला, असं माई म्हणतात. मला तरी दिसला नाही.

*

शेवटी शेवटी लोक मोबाईलवर तारे देऊ लागले. एकानं एकच तारा दिला आणि लिहिलं, 'टीव्ही नाही, नेटवर्क नाही, मालक फार प्रश्न विचारतात.' मी भीतभीत वाचून दाखवलं.

"जेवणाचं काय लिहिलंय?" आप्पांनी विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे उपाशी गेला की काय तो?" आणि लावला ना त्याला फोन! त्याची विचारपूस केली, त्याच्या आईचीही केली. दुसऱ्या दिवशी त्यानं मजकूर बदलला. 'घरी गेल्यावरही प्रश्न विचारतात.' चार तारे.

*

मला त्या जागेची फार आठवण येते, त्यात लाज कसली. पण आप्पांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती. म्हणून नव्या मालकांनी तिथं रिसॉर्ट बांधून उद्घाटनाचं आमंत्रण दिलं, तेव्हा आम्ही विषयच काढला नाही. काढला माईंनी. "मला बघायचंय. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन," म्हणाल्या. आप्पा "हं" म्हणाले आणि चप्पल घातली.

वर सगळी काच. दार आपोआप उघडणारं. आप्पांना सोफ्यावर बसवलं, हातात सरबत दिलं. ते तसंच धरून बसले. आमचा व्हरांडा कुठं होता, बंब कुठं होता, हे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. माईंचे डोळे भरून आले. "उगाच आणलं मी ह्यांना," त्या मला म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेर एक गाडी थांबली. गणवेशातला सगळा स्टाफ प्रमुख पाहुण्यांसोबत फोटोत उभा. गाडीतल्या म्हातारीला उतरता येईना.

मी वळून पाहिलं तर सोफ्यावर नुसता सरबताचा ग्लास.

आप्पा गाडीपाशी होते. एका हातात म्हातारीचा हात, दुसऱ्या हातात तिची बॅग. "सावकाश आजी, घाई नाही. प्रवासात त्रास नाही ना झाला? घाटात पोटात ढवळतं, लिंबू मागवतो," त्यांचं सुरू झालं होतं. माई पुढे निघाल्या, तर राधाक्कानं त्यांचा दंड धरला.

गाडीतून उतरलेला तिचा गॉगल लावलेला मुलगा खूश झाला. "काका, किती वर्षं आहात इथे कामाला?"

आप्पांनी बॅग खांद्याला अडकवली.

"आजच लागलोय."